यादीत नसलेला पदार्थ

सहा मिनिटं बेचाळीस सेकंदांनी पडद्यावरच्या सपाट रेषेला एक उंचवटा आला. तळाशी रुंद, वर टोकदार, उजव्या अंगाला किंचित लांबलेला. विबेकेला घड्याळ बघायची गरज नव्हती. या पदार्थाला यंत्रातून बाहेर पडायला किती वेळ लागतो हे तिला सात वर्षांपासून पाठ होतं. उंचवटा ओसरला, रेषा पुन्हा सपाट झाली आणि यंत्रानं खाली आकडा लिहिला. लिटरमागे ०.३४ मायक्रोग्रॅम.

तिनं तीच कुपी पुन्हा लावली. ०.३३. तिसऱ्यांदा लावली. ०.३४.

कुपीवर सकाळी तिनं स्वतःच्या हातानं चिठ्ठी चिकटवली होती, ‘धुण्याचं पाणी’ अशी. यंत्राच्या नळ्या स्वच्छ झाल्या की नाही हे पाहायला अशा कुप्या रोज लावल्या जात आणि त्यांचे आकडे सहसा कुणी वाचत नसे. सव्वीस वर्षांच्या नोकरीत प्रयोगवहीत तिनं लिहिलेली ही पहिली खोटी नोंद होती. कुपीतलं पाणी तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं होतं.

पिण्याच्या पाण्यात तणनाशक किंवा त्याचा अंश ०.१ च्या वर असू नये, असा कायदा आहे. पण हा अंश त्या कायद्यात बसत नव्हता, कारण तो यादीतच नव्हता. आणि तो यादीत का नव्हता, हे सबंध डेन्मार्कमध्ये विबेकेइतकं नेमकं कुणाला ठाऊक नव्हतं.

ती जिथं काम करायची ती कंपनी तणनाशकं बनवायची. जमिनीवर पडल्यावर रसायनाचं पुढं काय होतं, एवढंच पाहणाऱ्या विभागाची विबेके प्रमुख होती. कंपनीचं सगळ्यात खपाचं तणनाशक मातीत पडलं की काही आठवड्यांत मोडून जायचं. हे खरंच होतं. मोडल्यावर त्याचे दहा-बारा तुकडे व्हायचे आणि त्यांतला नववा मात्र पुढं मोडायचा नाही. चिकणमातीत तो मातीला धरून राहायचा. सरकारला दिलेल्या फायलीत त्याच्यापुढं ‘गैरलागू’ असा शेरा होता. ज्या मात्रेत तपासला त्या मात्रेत अपाय दिसला नाही, तेव्हा तो पाण्यात मोजायची गरज नाही, असा त्या शेऱ्याचा अर्थ. गावोगावच्या पाण्याच्या वार्षिक तपासणीची यादी अशा फायलींवरूनच बनते. यादीत नाही म्हणून कुणी मोजत नव्हतं, मोजत नव्हतं म्हणून कुठं सापडत नव्हतं, आणि सापडला नाही म्हणून यादीत घालायला कारण नव्हतं.

फायलीतलं ते प्रकरण विबेकेनंच लिहिलं होतं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात, जमिनीत पुरलेल्या मातीच्या नळकांड्यांपैकी एकात तिनं कुतूहल म्हणून वाळूची माती भरली होती. तळातून झिरपलेल्या पाण्यात तो नववा तुकडा, प्रयोगशाळेच्या भाषेत नऊ नंबर, सापडला. चांगलाच सापडला. तिनं वाळूच्या जमिनीवर रीतसर प्रयोग मागितला आणि नियमात लागत नाही असं उत्तर आलं. त्याच संध्याकाळी तिनं मनाशी ठरवलं, की हा प्रयोग होणार नसेल तर आपण इथं राहायचं नाही.

मग त्या वर्षीचे शेतातले प्रयोग आले, ते संपल्यावर सांगू असं ठरलं. मग कंपनीची फेररचना झाली, तिच्या हाताखालचे चार जण जातात की राहतात हे कळेना, त्यांना वाऱ्यावर कसं सोडायचं? मग मुलीची शेवटची परीक्षा. दर वेळी एक ‘नंतर’ निघत गेलं, आणि तिला स्वतःला ते पुढं ढकलणं वाटत नव्हतं, नियोजन वाटत होतं.

शिवाय तिच्याकडं हिशेब होता. चौकटीच्या वहीच्या शेवटच्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केलेले. डावीकडं ‘राहिले तर’, उजवीकडं ‘गेले तर’. डाव्या रकान्यात पहिली ओळ अशी, की नऊ वर्षांपूर्वी तिनं बैठकीत एकटीनं हट्ट धरून डब्यावर लिहायची मात्रा पाचव्या हिश्शानं कमी करून घेतली होती. एवढीशी गोष्ट. पण देशभरातल्या शेतांनी गुणलं की दर वर्षी कित्येक टन रसायन जमिनीत पडायचं वाचत होतं. बाहेर उभं राहून फलक धरणाऱ्या कुणाला एवढं वाचवता आलं नसतं. उजव्या रकान्यात एकच ओळ होती. माझ्या खुर्चीत मॅड्स बसेल. मॅड्स तिचाच सहायक. हुशार, तत्पर, आणि कुठल्याही कागदावर त्याला कधी शंका आली नव्हती.

वर्षातून दोन-तीनदा ती हे पान उघडायची आणि उत्तर एकच यायचं, राहा. एखादं गणित दर वेळी आपल्याला सोयीचंच उत्तर देत असेल तर मांडणीत चूक शोधायची, हे ती नव्यानं रुजू झालेल्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवायची. स्वतःच्या मांडणीत मात्र तिला चूक सापडत नव्हती.

नऊ नंबर विष आहे असं ती म्हणू शकत नव्हती. विष नाही असंही म्हणू शकत नव्हती. वर्षानुवर्षं थोडा थोडा पोटात गेला तर काय होतं, हे कुणी पाहिलंच नव्हतं. आणि आता तो तिच्या किटलीत होता.

दुसऱ्या दिवशी कार्स्टेन कॉफीचे दोन कप घेऊन तिच्या खोलीत आला. कार्स्टेन तिचा वरिष्ठ. दोघं एकाच वर्षी कंपनीत लागली होती आणि तो स्वतः कॉफी घेऊन आला की काहीतरी मागायला आला असं तिनं समजायचं, हे इतक्या वर्षांत ठरून गेलं होतं. तणनाशकाच्या परवान्याची मुदत संपत आली होती. पुढच्या दहा वर्षांच्या परवान्याची फाइल तयार होती, फक्त मातीच्या प्रकरणाखाली विभागप्रमुखाची सही राहिली होती.

“पुढच्या शुक्रवारी जायलाच हवी,” तो म्हणाला.

“वाळूचा प्रयोग त्यात नाही.”

“मागितलेला नाही.”

“मी मागतेय.”

तो बसला. आधी परवाना हातात पडू दे, मग पुढच्या वर्षी तू वाळू घे, हवी ती माती घे, मी डोळे मिटून मंजुरी देतो, असं तो म्हणाला. हे तू तीन वर्षांपूर्वीही म्हणाला होतास, अशी तिनं आठवण करून दिली.

“तेव्हाही मनापासूनच म्हणालो होतो,” कार्स्टेन म्हणाला. आणि ते खरं होतं, हीच त्याच्याशी भांडण्यातली अडचण होती.

नळाच्या पाण्याबद्दल सांगावं का, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण सांगायचं काय? कंपनीचं यंत्र वापरून, खोटी चिठ्ठी लावून, घरचं पाणी तपासलं म्हणून? नऊ नंबरचा शुद्ध नमुना फक्त कंपनीकडं होता, तो मोजायची पद्धत कंपनीची, म्हणून निघालेला आकडाही कंपनीचाच. रुजू होताना तिनं ज्या करारावर सही केली होती त्यात हे स्वच्छ लिहिलेलं होतं.

“बरं, समज तू सही नाही केलीस,” कार्स्टेन म्हणाला. “मॅड्स करेल. जेवणाच्या सुट्टीआधी करून मोकळा होईल. त्यानं कुणाचं भलं होणार आहे? तूच म्हणालीस ना, पंचवीस वर्षं झाल्याच्या समारंभात, की आत कुणीतरी शंका काढणारं असावं लागतं? मला तर ते फार आवडलं होतं. मी दोन-तीन ठिकाणी सांगितलंसुद्धा.”

तिचंच वाक्य तो तिला परत देत होता, आणि त्याच्या तोंडी ते अगदी नीट बसत होतं. तो गेल्यावर तिनं फाइल उघडली. सहीच्या जागी पेन्सिलीनं एक बारीक फुली केलेली होती. मॅड्सनं केली असणार. तो अशा बाबतीत फार काळजी घ्यायचा.

रविवारी ती आणि तिचा नवरा टॉर्बेन सासऱ्यांकडं कॉफीला गेली. टॉर्बेन वीजतंत्री होता आणि गावच्या पाण्याचे पंप तोच सांभाळायचा. त्याचे वडील आयनार अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ट्वेडबेक गावात अठ्ठावन्न घरं, आणि या अठ्ठावन्न घरांच्या मालकीची पाणीसंस्था. आयनार त्या संस्थेचे एकतीस वर्षं अध्यक्ष होते. शेजारच्या सगळ्या गावांनी आपापल्या विहिरी बंद करून शहराच्या नळाला जोडून घेतलं होतं. ट्वेडबेकनं घेतलं नव्हतं, आणि त्यामागं फक्त आयनार होते. कार्यकारिणीवर विबेके अकरा वर्षं होती. रसायनं कळणारी सून गावात असताना दुसऱ्या कुणाला कशाला घ्यायचं, असं म्हणून गावानं तिला निवडून दिलं होतं. तिचं काम एकच. वार्षिक सभेत पाण्याच्या तपासणीचा अहवाल वाचून दाखवायचा.

कॉफी झाल्यावर आयनार तिला विहिरीकडं घेऊन गेले. लाल विटांची एवढीशी खोली, आत तीस मीटर खोल गेलेली विंधणविहीर, बाहेर झेंड्याचा खांब आणि खोलीभोवती चारी बाजूंनी पसरलेली बारीक खडी. दर शनिवारी ते ती खडी दाताळ्यानं ओढायचे. सरळ, समांतर रेघा, मापून काढल्यासारख्या. त्यात गवताची एक काडी नव्हती.

“मंगळवारी सभेला येणारे आधी इथं डोकावतात,” ते म्हणाले. “दारातच रान माजलेलं दिसलं, तर आतलं पाणी कसलं असेल असं वाटणारच ना माणसाला?”

मग त्यांनी खोलीचं दार उघडून आतल्या फळीवरचा पांढरा डबा हलवून पाहिला. “एवढा हा उन्हाळा निघेल. मग तुला नवा आणावा लागेल, सूनबाई. तुझ्या या डब्यानं माझं कंबरडं वाचवलंय.”

विबेकेनं डबा हातात घेतला. कंपनी दर वसंतात कर्मचाऱ्यांना तणनाशकाचा एकेक डबा घरी द्यायची. तिच्या घरी खडी नव्हती, म्हणून ती आणून सासऱ्यांना द्यायची. अकरा वर्षं. झाकणावरची मात्रा तिनंच कमी करवून घेतलेली होती. आणि पाचवा हिस्सा कमी केलेली ती मात्रा आयनार वर्षातून तीनदा, विहिरीच्या तोंडापासून सहा पावलांवर, वाळूवर पसरलेल्या खडीवर, अगदी लिहिलंय तशी मोजून फवारत होते. जे मोडायचं ते मोडत होतं. जे मोडत नव्हतं त्याला खाली जायला तीस मीटर वाळू होती.

दोन दिवस ती शेतांचा विचार करत होती. कुठल्या शेतातून आलं असेल, किती वर्षांपूर्वी, कुणाच्या. वहीच्या कुठल्याच रकान्यात हा डबा नव्हता.

आयनार पुढं बोलत होते. यंदा ते अध्यक्षपद सोडणार होते. गुडघे ऐकत नव्हते. शहरातल्या पाणीखात्याचा माणूस दर वर्षी येऊन, विहीर आमच्या ताब्यात द्या म्हणून सांगायचा. तुमच्याकडं जाणकार माणूस कोण आहे, असं विचारायचा.

“यंदा मी त्याला सांगितलं, माझी सून आहे,” ते म्हणाले. “तुझं नाव मीच सुचवणार आहे. एकतीस वर्षांत एक नमुना नापास झाला नाही, विबेके. स्वच्छ आहे तोवर तुझ्या हातात देतो आणि बसतो गप.”

ती काहीच बोलली नाही. न बोलणं म्हणजे होकार, असं त्या घरात पहिल्यापासून होतं, आणि ते दार ओढून घेऊन निघालेसुद्धा.

घरी आल्यावर तिनं टॉर्बेनला सगळं सांगितलं. आकडा, यादी, वाळू, डबा. सांगताना तिचा आवाज प्रयोगाचा निष्कर्ष वाचल्यासारखा येत होता हे तिला ऐकू येत होतं, पण दुसरा आवाज सापडत नव्हता. ऐकून झाल्यावर टॉर्बेन उठला, नळाखाली पेला भरला, उजेडात धरून पाहिला आणि पिऊन टाकला.

“आत्तापर्यंत पीतच होतो की,” तो म्हणाला.

मग विहिरीचं काय होईल, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, बंद होईल, शहरातून नळ येईल. मग बाबांचं? तिनं त्याचा रिकामा पेला उचलून विसळला. तुझ्या नोकरीचं काय, हे त्यानं विचारलं नाही आणि त्याबद्दल तिला त्याचे आभार मानावेसे वाटले. अध्यक्षपदाला नाही म्हण, कामाचा व्याप आहे म्हण, एवढं तर करता येईल, असं त्यानं सुचवलं. आणि बाकीचं?

“मंगळवारी नको, इतकंच म्हणतोय. त्यांची शेवटची सभा आहे. बुधवारी सांग, गुरुवारी सांग.”

“शुक्रवारी सही करायचीय.”

“मग गुरुवारी.”

ती हसली, कारण इतक्या वर्षांनी तिच्या ‘नंतर’ला घरातलंच दुसरं कुणी मदत करत होतं. टॉर्बेनला हसण्याचं कारण कळलं नाही. थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, “फवारा त्यांच्या हातात होता, विबेके. गाव हेच बोलणार.”

“डबा माझ्या हातातून गेला होता.”

“ते गावाला कोण सांगणार?”

सोमवारी ती कामावर गेली, फाइल उघडली, मिटली. कुणाला न सांगता विहिरीचं पाणी बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून घेता येईल का, याचा विचार करून झाला. घेता येत होतं. पाणीसंस्थेला यादीबाहेरचाही पदार्थ तपासून मागता येतो, तसा नियम आहे. फक्त त्याचं नाव लिहून द्यावं लागतं. आणि हे नाव लिहून देऊ शकणारं माणूस त्या गावात एकच होतं. ते नाव जिथं कुठं उमटलं असतं, तिथून कार्स्टेनला तिच्यापर्यंत पोचायला पाच मिनिटं लागली नसती. दुपारपर्यंत तिनं असे चार मार्ग तपासले. प्रत्येक मार्ग फिरून तिच्याच खुर्चीपाशी येत होता.

मंगळवारी सात वाजता गावच्या सभागृहात चाळीस-पंचेचाळीस माणसं जमली. नेहमीप्रमाणं आधी गाण्याचं पुस्तक वाटलं गेलं आणि सगळ्यांनी बसल्या बसल्या वसंताचं एक गाणं म्हटलं, जरी बाहेर अजून गारांचा पाऊस होता. मग कॉफी, चीज घातलेले पाव, आणि कुणाच्या घरचा केक चांगला यावर दर वर्षी होणारा वाद. सभा चालवायला बोडिल. ती गावच्या बंद पडलेल्या शाळेची शेवटची मुख्याध्यापिका. शाळा जाऊन बारा वर्षं झाली होती, पण तिच्या आवाजात ती अजून भरत होती.

आयनारनी वर्षाचा अहवाल वाचला. पंपाचा एक भाग बदलला, रस्त्याच्या कामात नळ फुटला तो दुरुस्त केला, झेंड्याच्या खांबाला रंग दिला. मग बोडिलनं विबेकेकडं बघून मान हलवली.

विबेके उभी राहिली आणि तपासणीचा कागद वाचू लागली. नायट्रेट, मर्यादेच्या खाली. लोह, खाली. जंतू, आढळले नाहीत. तणनाशकं आणि त्यांचे अंश, यादीतले सगळे, एकही आढळला नाही. ‘यादीतले’ हा शब्द तिनं किंचित सावकाश उच्चारला. कुणाच्या लक्षात आलं नाही. कागद खाली ठेवताना तिच्या ध्यानात आलं, की कंपनीच्या फायलीसारखंच इथंही आपण एक वाक्य खोटं बोललो नाही.

“म्हणजे अजून वर्षभर जगायला हरकत नाही,” मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

“तू चाचणीत बसतच नाहीस, पाउल. तू पाणी पितोस कुठं?” बोडिल म्हणाली. पुन्हा हशा झाला.

त्यानंतर निवडणुकीचा विषय आला. आयनार खुर्चीला धरून उठले. लांब बोलायची त्यांना सवय नव्हती. एकतीस वर्षं झाली, गुडघे थकले, असं म्हणाले. विहीर दुसऱ्याच्या ताब्यात जाईल ही भीती होती, ती आता राहिली नाही, कारण आपल्यात एक असं माणूस आहे की ज्याला पाण्यात काय आहे हे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. त्यांनी विबेकेचं नाव घेतलं. दुसरं नाव कुणी सुचवलं नाही. टाळ्या सुरू झाल्या, मोठ्या, एका लयीत, आणि पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी मागं वळून तिच्याकडं बघून हसल्या. टॉर्बेन टेबलावरच्या पावाच्या तुकड्यांकडं बघत होता.

टाळ्या थांबल्या. गावात कुठलीही निवडणूक एका प्रश्नाशिवाय पुरी होत नाही. निवडून आलेल्या माणसानं सगळ्यांसमोर, तोंडानं उत्तर द्यायचं असतं, मान हलवून चालत नाही. इतिवृत्त लिहिणारा पेन उघडून बसतो.

“विबेके,” बोडिल म्हणाली, “निवड स्वीकारतेस का?”

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. त्यासाठी तिनं एक वाक्यही जमवून आणलं होतं, कामाचा व्याप फार आहे असं. तिनं तोंड उघडलं. ते बोलून टाकलं की उद्या बुधवार, मग गुरुवार, मग ती पेन्सिलीची फुली. आयनार अजून उभेच होते. तिच्या उत्तरानंतर बसायचं असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

इथं मॅड्स बसू शकत नाही, असा विचार तिच्या मनात आला. कंपनीतली तिची खुर्ची कुणीही भरू शकत होतं आणि त्या एका ओळीवर ती तीन वर्षं गणित करत आली होती. पण त्या पदार्थाचं नाव या खोलीत फक्त तिला माहीत होतं. ती गप्प बसली तर तिच्याऐवजी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, चांगलं नाही की वाईट नाही.

“विबेके?” बोडिलनं पुन्हा विचारलं.

“नाही,” विबेके म्हणाली.

कुणाचा तरी चमचा बशीत वाजला.

“आपल्या पाण्यात एक पदार्थ आहे. तो यादीत नाही, म्हणून मी आत्ता वाचलेल्या कागदावर तो नाही. मी तो मोजलाय, माझ्या घरच्या नळाच्या पाण्यात. कायद्यात तणनाशकाच्या अंशाला जेवढी मुभा आहे त्याच्या तिपटीहून जास्त भरला. तो घातक आहे की नाही हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कारण कुणी बघितलेलं नाही, आणि बघायची गरज नाही असं लिहिणारी मीच.” ती थांबली. आता सगळ्यात अवघड भाग होता आणि तो आयनारकडं बघूनच बोलायला हवा होता. “तो विहिरीभोवतीच्या खडीवरून आत गेलाय, असं मला जवळजवळ खात्रीनं वाटतंय. डबा दर वर्षी मी आणून देत होते. आयनार, तुम्हाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मला होतं.”

आयनार खाली बसले. एकदम नाही, आधी खुर्चीची पाठ चाचपून, मग हळूहळू. टॉर्बेननं उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथंच उभा राहिला. तो विबेकेकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग होता की दुसरं काही, हे तिला एवढ्या अंतरावरून कळेना.

मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. एक बाई विचारत होती, लहान मुलांना काय पाजायचं मग. पाउल म्हणाला, हे तुझ्या कंपनीला ठाऊक आहे का? बोडिलनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. तिचाही आवाज नेहमीचा राहिला नव्हता, पण तिनं सभेची रीत सोडली नाही.

“इतिवृत्तात नोंद करावी लागेल,” ती म्हणाली. “निवड स्वीकारत नाही, एवढंच लिहायचं ना?”

“पदार्थाचं नाव लिहा. मी अक्षरं सांगते. उद्याच बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवा, त्या नावानं.” विबेकेचे हात टेबलावर होते आणि तिला ते खूप लांब असल्यासारखे दिसत होते. “आणि पाउलनं विचारलंय म्हणून हेही लिहा. शुक्रवारी एका फाइलवर मी सही करायची होती. ती मी करणार नाही. मी नोकरी सोडतेय.”